बुधवारचं ऊन

"आज पारा उतरवू नका, येरणे," गोहोकार म्हणाला. "उद्या सकाळी कॅमेरा घेऊन येतो. शेहेचाळीस पूर्णांक नऊ. हे लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

मंगळवार होता, मे महिना, साल शहाऐंशी. हायस्कूलच्या मैदानाच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणात आमची वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे काय, तर चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, तिच्यात दोन नळ्या, आणि बाजूला पाऊस मोजायचं भांडं. एवढ्या साम्राज्याचा मी एकटा अधिपती होतो, तोही हंगामी. रोज संध्याकाळी साडेपाचला पेटी उघडायची, दिवसाचं कमाल तापमान वाचायचं, नोंदवहीत लिहायचं आणि तारेनं वर कळवायचं. कमाल तापमानाची नळी डॉक्टरांच्या ताप बघायच्या नळीसारखीच असते. पारा चढला की चढलेलाच राहतो. आकडा घेतल्यावर झटके देऊन तो खाली उतरवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कालचाच आकडा तुमच्याकडे बघत बसतो.

गोहोकारचं सायकलचं दुकान होतं आणि फावल्या वेळात तो एका वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर होता. खरं म्हणजे फावल्या वेळात तो सायकली दुरुस्त करायचा. दहा दिवस गाव भट्टीत घातल्यासारखं भाजत होतं. खिशात कांदा ठेवल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नव्हतं. गावातली सात माणसं ऊन लागून गेली होती. आणि त्या संध्याकाळी पाऱ्यानं आमच्या केंद्रातला आजवरचा सगळ्यात मोठा आकडा दाखवला होता. माझ्या केंद्राचा आकडा राज्यभर छापून येणार, या कल्पनेनं मला गुदगुल्या होत होत्या हे कबूल करतो. सात माणसं गेलेली असताना मला ते सुचत होतं. मी पारा उतरवला नाही. नळी तशीच पेटीत ठेवून झडप लावली.

त्या रात्री वारं सुटलं. पाऊस नाही, नुसतं वारं आणि धूळ. सकाळी उठलो तर आभाळ गच्च भरलेलं, आणि इतका गारवा की अंगावर शहारा यावा. दहा दिवसांत पहिल्यांदा गाव मोकळा श्वास घेत होतं. बाया दारात बसून एकमेकींशी बोलत होत्या. जिल्ह्याच्या रस्त्यावर झाडं पडली होती, त्यामुळे एसटी बंद, आणि गोहोकारचा फिल्मचा रोळ जिल्ह्याहून यायचा होता. म्हणजे सकाळचा फोटो काही होत नव्हता.

मैदानावर सिंधूबाई खाटा मांडत होती. ती शाळेची झाडलोट करायची आणि सुट्टीत शाळेच्याच मागच्या खोलीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, शालू. दोन वर्षांपूर्वी तिला गावातल्याच ठेंगण्यांच्या घरी दिली होती. ठेंगण्यांची आरागिरणी होती, झाडूवालीच्या मुलीला मोठं घर मिळालं म्हणून सगळ्यांनी सिंधूबाईचं कौतुक केलं होतं. त्या कौतुकाचं पुढं काय झालं हे मला अर्धवट माहीत होतं. पोळ्याला शालू माहेरी आली तेव्हा तिच्या हाताला पट्टी होती. मी विचारलं तर पायरीवरून पडले म्हणाली, आणि सिंधूबाई दुसरीकडे बघायला लागली.

खाटांवर जुनी लुगडी अंथरून सिंधूबाई कुरडया घालत होती. दर उन्हाळ्यात लेकीच्या सासरी कुरडयांचा डबा जायचा. गेल्या साली कमी गेला म्हणून ठेंगण्यांच्या घरी वर्षभर बोलणी झाली होती, त्यामुळे यंदा तिनं दुप्पट गहू भिजत घातले होते. मी तिला म्हटलं, मावशी, आज नका घालू, आज काही ऊन पडायचं नाही. हवामानाबद्दल माझा शब्द ती देवाच्या कौलासारखा मानायची. पण त्या दिवशी तिचा नाइलाज होता.

"चीक आंबून राह्यला ना, बाबू," ती म्हणाली. "गव्हाले काय माहीत आभाळ कधी येते थे. आज नाई घातल्या तं फेकाच लागन. संध्याकाळी शालू येनार हाय न्यायला."

दोनच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणता येणार नाही असला पाऊस, मोजायच्या भांड्याचा तळही ओला झाला नाही. पण कुरडयांचा जीव तो केवढा. सिंधूबाईनं हाक मारली आणि मी धावलो. आम्ही दोघांनी एकेक टोक धरून चार खाटा सातवीच्या वर्गात नेल्या. लुगड्यावरच्या कुरडया सकाळी घातल्या तशाच मऊ, पांढऱ्या होत्या. तिनं एक बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाली, उद्या ऊन पडलं तर वाचतील.

चारनंतर ढग जरा फाटले आणि पातळ, पिवळसर उजेड पडला. गोहोकार हाश्श हुश्श करत आला. रोळ कुठल्या तरी जीपवाल्याबरोबर पोचला होता. त्यानं पेटी उघडून पाऱ्याचे दोन फोटो काढले, पण त्याचं समाधान होईना. नुसती नळी काय छापायची, माणूस पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सिंधूबाई वर्गातून बाहेर येत होती. त्यानं तिला पेटीशेजारी उभं केलं, पदर डोक्यावरून घ्यायला लावला.

"आता घाम पुसल्यासारखं करा," गोहोकार म्हणाला.

"घाम कुठं हाय?" ती म्हणाली आणि हसली.

"नसू द्या. पुसल्यासारखं करा."

तिनं पदराचं टोक कपाळाला लावलं. मीही हसत होतो. तेव्हा साडेचार वाजले असतील. ठेंगण्यांनी पुढं जे सांगितलं ते धरलं, तर शालूला जाऊन अर्धा तास झाला असेल.

गोहोकार गेल्यावर मी नोंदवही काढली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्यापाशी आकडा नाही. नळीत मंगळवारचे शेहेचाळीस पूर्णांक नऊ तसेच उभे. बुधवारचं तापमान त्याच्या कितीतरी खाली राहिलं होतं, पण नेमकं कुठवर चढलं ते सांगणारं जगात कुणी नव्हतं. माझ्या अंदाजानं तेहतीस, फार तर चौतीस. खरं तर 'निरीक्षण उपलब्ध नाही' असा शेरा मारायचा. पण मग का उपलब्ध नाही, ते लिहावं लागलं असतं. फोटोसाठी पारा उतरवला नाही, असं कोणत्या तोंडानं लिहिणार? मी हंगामी होतो. जुलैत कायम होण्याची ऑर्डर निघायची होती आणि कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

चौतीस लिहावं तर त्याचीही धास्ती. आदल्या वर्षी वादळानंतर पारा एका दिवसात अकरा अंशांनी उतरला होता. मी खरा आकडा कळवला, तर वरून पत्र आलं: एवढी घसरण कशी, निरीक्षण तपासून खुलासा करावा. मी खुलासा केला. तो मान्यही झाला. पण ते पत्र माझ्या फायलीत जाऊन बसलं. तेव्हापासून मला आकड्यांच्या उड्यांची भीती बसली होती. आकडे कसे, पायऱ्यांनी चढावेत आणि पायऱ्यांनी उतरावेत, म्हणजे कुणी काही विचारत नाही.

मी लिहिलं, पंचेचाळीस पूर्णांक चार. मग पेटी उघडून पारा खाली उतरवला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, खरा आकडा एकेचाळीस आला. शेहेचाळीस-नऊ, पंचेचाळीस-चार, एकेचाळीस. उतार सुरेख दिसत होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता ठेंगण्यांचा गिरणीवरचा माणूस सिंधूबाईला बोलवायला आला. काल दुपारी शालू नाल्यावर धुणं धुवायला गेली होती, तिथं तिला ऊन लागलं, घरी येऊन ओकली आणि चारला गेली, असं त्यानं सांगितलं. काल का नाही कळवलं विचारलं, तर तो म्हणाला, लवकर चला. सिंधूबाई पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. डॉक्टरांनी दाखला दिला होता, उष्माघात. दहा दिवसांत त्यांनी असे सात दाखले दिले होते, हा आठवा. पहिले सात खरे होते, त्यामुळे आठव्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

सिंधूबाईनं पाहिलं. तोंडावरचं कापड सारून लेकीचा चेहरा बघताना तिला डाव्या कानाखाली दोन काळेनिळे ठसे दिसले, बोटांचे. तिनं तिथंच सांगितलं. बायांनी तिला धरून बाजूला बसवलं, दुःखानं बोलते आहे म्हणाल्या. आठ वाजता अग्नी दिला.

त्यानंतरचे दिवस असे गेले की हवेनंही गावाची थट्टा मांडली असावी. गुरुवारी सकाळी चटके देणारं ऊन पडलं आणि दुपारी बोराएवढ्या गारा पडल्या. शुक्रवारी पुन्हा लाही लाही, चव्वेचाळीस. त्याच दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. माझी पेटी, माझा पारा आणि शेजारी पदरानं कपाळ पुसणारी सिंधूबाई. खाली छापलं होतं, 'उन्हाने हैराण झालेली कष्टकरी महिला. बुधवारी टिपलेले छायाचित्र.' तो अंक तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी शाळेतली प्रत लपवून ठेवली. शनिवारी धुळीचं वादळ. रविवारी दिवसभर ढग, सोमवारी परत ऊन. पंधरा दिवसांनी गावात कुणालाही विचारलं असतं, की कोणत्या वारी काय होतं, तर कुणाला छातीठोक सांगता आलं नसतं.

सातवीच्या वर्गातल्या खाटांकडे कुणी फिरकलंच नाही. कुरडया तिथंच आंबल्या. हिरवट-काळी बुरशी आली, वास सुटला. हेडमास्तरांनी फेकायला सांगितलं, तर सिंधूबाईनं त्यांतल्या ओंजळभर फडक्यात बांधून ठेवल्या. मी विचारलं, ह्या कशाला?

"दाखवाले," ती म्हणाली. "ऊन असतं तं माह्या कुरडया वाळल्या नसत्या का? ज्या उन्हात कुरडई वाळत नाई, त्या उन्हात मानूस मरते काय?"

तिनं चौकीत अर्ज दिला. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, म्हणून चौकशी तहसीलदारांपुढं आली. जूनच्या मध्यात मला समन्स मिळालं, बुधवारच्या नोंदीसह हजर राहावे. ते घेऊन मी खोलीवर बसलो असताना सिंधूबाई आली. तिलाही कळलं होतं. ती दारातच उभी राहिली. गावात एकही माणूस आपल्या बाजूनं बोलायला तयार नाही, गिरणीवाल्यांशी कोण वाकडं घेणार, असं तिनं सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही.

"तुम्ही हाय ना, बाबू," ती म्हणाली. "तुमच्या वहीत सारं असते. मले कायची चिंता."

मी मान हलवली. त्या वेळी मी तिला सांगायला पाहिजे होतं. मावशी, माझ्या वहीत खोटं आहे. सहा शब्दही लागले नसते. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलंही की सांगावं, आणि मी समन्सची घडी घालत राहिलो. ती गेल्यावर मी नोंदवही उघडून तो आकडा कितीतरी वेळ बघत बसलो. माझंच अक्षर, वळणदार. खाडाखोड करायची सोय नव्हती, कारण त्याची तार त्याच संध्याकाळी वर गेली होती.

तहसीलदार चांगला माणूस होता, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर दोष त्यांच्यावर जाईल. कपाळाला आठ्या, आवाज हळू. त्यांनी गिरणीच्या आसपासच्या चार जणांना एकेक करून विचारलं होतं, त्या बुधवारी हवा कशी होती? एक म्हणाला, गारा पडल्या. दुसरा म्हणाला, आग ओकत होती. तिसऱ्याला धुळीचं वादळ आठवत होतं. चौथा म्हणाला, साहेब, त्या आठवड्याचं काही विचारू नका. चौघंही खोटं बोलत नव्हते, प्रत्येकाला त्या आठवड्यातला कुठला ना कुठला दिवस आठवत होता.

समोरच्या बाकावर शालूचा नवरा आणि सासरा रूपराव ठेंगणे बसले होते. नवरा खाली बघत होता. रूपरावांच्या मांडीवर वर्तमानपत्राची घडी होती. सिंधूबाई भिंतीशी उभी, हातात फडक्याची गाठोडी. बस म्हटलं तरी बसली नाही.

तहसीलदारांनी मला जवळ बोलावून नीट समजावून सांगितलं. शरीर तर राहिलं नाही, ठसे कुणाला दाखवणार. उरला डॉक्टरांचा दाखला. बाईचं म्हणणं, त्या दिवशी ऊनच नव्हतं.

"ऊन नव्हतं असं ठरलं, तर दाखला खोटा ठरतो आणि मला हे पोलिसांकडे पाठवावं लागेल," ते म्हणाले. "ऊन होतं, तर माझ्यापुढे काही राहत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलंय."

मी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचला. रूपरावांनी हळूच श्वास सोडला, तो मला ऐकू आला. सिंधूबाईला पंचेचाळीस पूर्णांक चार म्हणजे काय ते लगेच कळलं. गेली पाच वर्षं रोज संध्याकाळी ती मला आजचा आकडा विचारत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं, वाचताना साहेबांची काही चूक झाली.

मग तिनं पुढं होऊन गाठोडी टेबलावर सोडली. खोलीभर आंबूस वास पसरला. ठेंगण्यांनी नाकाला रुमाल लावला. तहसीलदारांनी लावला नाही. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला. बाई, कुरडया कोणत्याही दिवशी खराब होऊ शकतात, त्यांच्यावर वार लिहिलेला नसतो, असं ते तिला समजावू लागले. तेवढ्यात रूपरावांनी वर्तमानपत्राची घडी उलगडून टेबलावर ठेवली.

तहसीलदारांनी फोटो पाहिला, मग सिंधूबाईकडे पाहिलं.

"बाई, हा तुमचाच फोटो ना? बुधवारचा आहे. यात तुम्ही घाम पुसताय."

तिनं तो फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वाकून, जवळ जाऊन पाहिला. फोटोत ती किंचित हसत होती, पण छपाईत ते हसू उन्हानं डोळे बारीक केल्यासारखं दिसत होतं.

"तसं करा म्हनलं होतं मले," ती म्हणाली. "घाम नव्हता. बाबूंले विचारा. हे होते ना तिथं. दुपारी पानी आलं तं खाटाही ह्याहिनंच उचलल्या. सांगा ना, बाबू."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खिडकीत एक पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, तो आकडा मी मनानं लिहिला. तहसीलदारांचा चेहरा असा होता की त्यांना ते ऐकायचंच होतं, असं मला आज वाटतं. ते थांबले होते. पेन बाजूला ठेवून थांबले होते.

"त्या आठवड्यात एकदा खाटा उचलू लागलो होतो खरा," मी म्हणालो. "पण कोणत्या वारी, ते सांगता येणार नाही. वार आठवत नाही. आकडा मात्र हाच आहे."

तहसीलदारांनी पेन उचललं आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी सही केली. सिंधूबाईनं टेबलावरचा एकेक तुकडा गोळा केला, फडक्याला पुन्हा गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

प्रकरण तिथंच मिटलं. जुलैत माझी ऑर्डर निघाली. डिसेंबरात माझं लग्न झालं आणि योगायोग असा की त्याच महिन्यात ठेंगण्यांनीही मुलाचं दुसरं लग्न लावलं. दोन्ही वराती एकाच रस्त्यानं गेल्या. सिंधूबाई शाळेत पूर्वीसारखीच झाडत होती. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. आजचा आकडा विचारायचं तिनं सोडून दिलं. मला वाटत होतं, तिचा माझ्यावर राग असेल तो एवढाच की मी धजलो नाही, आकडा कशामुळे तसा आला ते तिला माहीत नाही. या वाटण्याचा मला आधार होता.

पुढच्या वर्षी पुन्हा मे आला. एका संध्याकाळी पारा पंचेचाळीसवर होता. मी आकडा लिहिला, नळी काढली आणि झटके द्यायला लागलो. कुंपणापलीकडे सिंधूबाई खराटा घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"हे काय करता, बाबू?"

मी सांगितलं, पारा उतरवतो.

"रोज करता?"

रोज करावंच लागतं, मी म्हटलं, नाहीतर उद्या आजचाच आकडा दिसेल. ती खराट्यावर हात ठेवून विचार करत होती. घाई नव्हती तिला.

"मंगळवारी गोहोकार म्हने, पारा उतरवू नका. मी तिथंच झाडत होती," ती म्हणाली. "म्हंजे फोटो काढला तवा पारा कालचाच होता."

"हो," मी म्हणालो. एका वर्षानं माझ्या तोंडून पहिलं खरं निघालं.

ती कुंपणाच्या तारेपाशी आली. आवाज चढवला नाही, रडली नाही. एखाद्या मुलाला हिशेबातली चूक विचारावी तसं तिनं विचारलं.

"मंग बुधवारचं ऊन तुम्ही कुठून आनलं?"

माझ्या हातात नळी होती. मी ती पेटीत ठेवली, झडप लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग म्हणालो, मावशी, मी उद्या तहसीलात जातो. सगळं लिहून देतो.

"जा," ती म्हणाली.

मी गेलो नाही. उद्या गेलो नाही, परवा गेलो नाही. तहसीलदारांची बदली झाली होती, पण ते काही कारण नव्हे. त्या वेळी बायकोला पाचवा महिना होता, तेही काही कारण नव्हे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी पेटीपाशी आलो तर सिंधूबाई कुंपणाशी उभी. मी जाऊन आलो की नाही, हे तिनं विचारलं नाही.

"आज किती, बाबू?" तिनं विचारलं.

मी आकडा सांगितला. मी पारा उतरवेपर्यंत ती थांबली, मग खराटा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. पावसाळ्यात पोतं पांघरून यायची, थंडीत हात काखेत धरून. तिच्या निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं एकही संध्याकाळ तिनं चुकवली नाही. तापानं फणफणत असली तरी यायची. रोज तोच प्रश्न विचारायची, आणि विचारून झाल्यावर क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत थांबायची, आकड्यापुढं मी आणखी काही सांगतोय का ते बघायला.

मी फक्त आकडा सांगायचो. त्या अकरा वर्षांत माझा एकही आकडा चुकला नाही.